तरणा माणूस अचानक गेला, तर पुढची तपासणी घरच्यांची! हृदयाच्या ‘विजेचा नकाशा’ म्हणजे काय, तो कोणाला लागतो?

रात्री जेवून झोपलेला पंचविशीतला मुलगा सकाळी उठतच नाही. लहानपणापासून समुद्रात पोहणारा पोरगा शांत पाण्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडतो. शाळेच्या शर्यतीत धावणारी मुलगी मध्येच कोसळते. दारू नाही, तंबाखू नाही, बीपी-शुगर नाही. गावात मग तीनच कारणं सांगितली जातात: ‘अटॅक आला’, ‘फिट आली’, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी लागलं’. घरात नुकतीच लग्न होऊन आलेली सून असेल तर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून तिच्यावरही खापर फुटतं. बारावं-तेरावं उरकतं आणि चौकशी तिथेच थांबते.

डॉक्टरांच्या दृष्टीने खरी चौकशी इथूनच सुरू व्हायला हवी. अशा मृत्यूंपैकी काहींच्या मागे हृदयाच्या विजेचा बिघाड असतो आणि तो रक्ताच्या नात्यातून पुढे जातो. गेलेल्या माणसाच्या भावात, बहिणीत, मुलांत तोच बिघाड लपलेला असू शकतो. तो वेळीच सापडला तर दुसरा मृत्यू टाळता येतो. हा बिघाड हृदयात नेमका कुठे आहे, कसा आहे, हे दाखवणारं तंत्र म्हणजे ‘कार्डिअॅक मॅपिंग’, साध्या भाषेत हृदयाच्या विजेचा नकाशा. हे तंत्र काय आहे, कोणाला लागतं आणि सिंधुदुर्गातल्या माणसाने सुरुवात कुठून करायची, याची ही माहिती.

नळ वेगळा, वायरिंग वेगळं

घरात पाण्याचे नळ असतात आणि विजेचं वायरिंगही असतं. हृदयातही दोन्ही आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या म्हणजे नळ. त्या तुंबल्या की येतो तो हार्ट अटॅक. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे सगळं नळाचं काम.

वायरिंगचं काम वेगळं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा बारीक ठोका सोडतो. हा ठोका वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मधल्या ‘सबस्टेशन’वर क्षणभर थांबतो आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत जातो. तसं झालं की हृदय आकुंचन पावतं आणि रक्त अंगभर जातं. दिवसाला असे सुमारे एक लाख ठोके पडतात. प्रत्येक ठोक्यानंतर पेशींना पुन्हा चार्ज व्हावं लागतं, त्याशिवाय पुढचा ठोका नीट पडत नाही.

या वायरिंगमध्ये मोठा बिघाड झाला की खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मृत्यू येतो. नळ मात्र स्वच्छ असतात. म्हणून ‘अँजिओग्राफी नॉर्मल आली’ याचा अर्थ ‘हृदय ठणठणीत आहे’ असा होत नाही. विजेचे हे विकार शवविच्छेदनातही अनेकदा दिसत नाहीत, कारण वीज गेल्यावर वायरीकडे नुसतं बघून काही कळत नाही.

ईसीजी म्हणजे किनाऱ्यावरून पाहिलेला समुद्र

हृदयाची वीज मोजायचं सगळ्यात साधं साधन म्हणजे ईसीजी. छातीवर सहा आणि हातापायांवर चार अशी दहा टोकं लावतात आणि कागदावर बारा बाजूंनी नोंद निघते. हे तंत्र नेदरलँड्सचे डॉ. विलेम आइन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभं केलं. १९२४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. शंभर वर्षं झाली तरी पहिली तपासणी हीच. ती स्वस्त आहे, दुखत नाही आणि पाच-दहा मिनिटांत होते.

तिची अडचण मालवणच्या माणसाला पटकन समजेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडप आहे. किनाऱ्यावर उभं राहिलं की लाटा कुठे फुटतात ते दिसतं आणि खाली खडक असणार हे कळतं. पण खडक केवढा, कुठून कुठवर आणि होडी जायची वाट कोणती, हे तिथे जाऊन पाण्याचा ठाव घेतल्याशिवाय कळत नाही. ईसीजी म्हणजे किनाऱ्यावरून बघणं, मॅपिंग म्हणजे ठाव घेणं.

नकाशा काढतात कसा?

या तंत्राच्या सुरुवातीची एक गोष्ट मच्छीमाराचीच आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराचं हृदय वारंवार भयंकर वेगाने धडधडत असे. त्याच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी विजेची एक जादा वाट जन्मापासून होती. या विकाराला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. विल सीली यांनी त्याची छाती उघडली. हृदयाच्या पृष्ठभागावर एकेका ठिकाणी विजेचं टोक ठेवून वीज कुठे आधी पोचते ते मोजलं गेलं, आणि जादा वाट सापडल्यावर ती कापली गेली. तो बरा झाला. आधी नकाशा आणि मग उपचार, ही रीत तिथून रुजली. (डब्ल्यूपीडब्ल्यू बहुतेकांत घराण्यातून येत नाही, थोड्याच कुटुंबांत तसं दिसतं.)

आता छाती उघडावी लागत नाही. नकाशा काढायच्या दोन रीती आहेत.

पहिली आतून. जांघेतल्या शिरेतून बारीक, लवचीक तारा हृदयापर्यंत नेतात. याला ईपी स्टडी म्हणतात. तारेचं टोक हृदयाच्या भिंतीला जिथे टेकतं तिथली वीज नोंदली जाते, आणि टोक नेमकं कुठे आहे ते यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने ओळखतं. अशा शेकडो, कधी हजारो ठिकाणच्या नोंदी जोडून संगणकाच्या पडद्यावर हृदयाचं रंगीत थ्रीडी चित्र तयार होतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९७ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. या चित्रात साधारणपणे वीज जिथे आधी पोचते तो भाग लाल आणि जिथे उशिरा पोचते तो जांभळा दाखवतात. विजेचा जोर दाखवणारा दुसरा नकाशाही निघतो. निरोगी स्नायूत जोर चांगला असतो, खराब झालेल्या भागात तो अगदी कमी मिळतो. कधी बिघाड हृदयाच्या बाहेरच्या बाजूला असतो. तेव्हा छातीच्या हाडाखालून सुईने वाट करून तार बाहेरच्या पृष्ठभागावर नेतात. ही वाट ब्राझीलच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवली.

दुसरी रीत बाहेरून, शरीरात काही न घालता. छाती आणि पाठ झाकणारं बंडीसारखं जाकीट घालतात. त्यात दहाऐवजी अडीचशेच्या आसपास टोकं असतात. सोबत सीटी स्कॅन काढून हृदय छातीत नेमकं कसं बसलंय ते पाहतात. मग संगणक अंगावर मिळालेल्या नोंदींवरून हृदयाच्या पृष्ठभागावरची वीज काढतो. याला ईसीजी इमेजिंग म्हणतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ योराम रुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर केलेलं हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. ही रीत अजून मुख्यतः संशोधनात आणि मोजक्या केंद्रांत वापरली जाते.

घराण्यातून येणारे विकार आणि त्यांचा नकाशा

*१. लाँग क्यूटी.* यात ठोका पडल्यावर पेशी चार्ज व्हायला जास्त वेळ घेतात. ईसीजीच्या पट्टीवर ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबतं. इटलीत ४४ हजारांहून जास्त नवजात बाळांचे ईसीजी काढले, तेव्हा साधारण दोन हजारांत एका बाळात हा विकार आढळला. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिल्यात धावताना आणि विशेषतः पोहताना धोका असतो. दुसऱ्यात अचानक मोठा आवाज झाला, अलार्म किंवा फोन वाजला, की माणूस कोसळू शकतो. तिसऱ्यात धोका झोपेत किंवा आरामात असताना. किनारपट्टीवरच्या लोकांनी पहिला प्रकार लक्षात ठेवावा. बुडण्याच्या बहुतेक घटनांची कारणं वेगळीच असतात: दारू, ओढ, लाटा, पाण्याचा अंदाज नसणं. पण पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात काही न ओरडता बुडाला, तर घरच्यांचे ईसीजी काढलेच पाहिजेत.

रुडी यांच्या गटाने २०१४ मध्ये लाँग क्यूटीच्या २५ रुग्णांचे जाकीट घालून काढलेले नकाशे प्रसिद्ध केले. चार्जिंगचा उशीर सगळ्या हृदयात सारखा नसल्याचं त्यांत दिसलं. एक भाग लवकर तयार होतो आणि त्याला लागूनचाच दुसरा बराच मागे राहतो. ज्यांना आधी चक्कर किंवा कोसळण्याचा त्रास झाला होता त्यांच्यात हा फरक जास्त तीव्र होता. साध्या ईसीजीवर हे कळत नाही, त्यावर फक्त एकच आकडा दिसतो.

*२. ब्रुगाडा.* स्पेनचे दोन डॉक्टर भाऊ, पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा, यांनी १९९२ मध्ये आठ रुग्णांवरून हा विकार मांडला. तो पुरुषांत जास्त त्रास देतो आणि घात बहुतेकदा झोपेत होतो. आपल्याकडे ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात तसंच थायलंडच्या ईशान्येकडच्या खेड्यांतही म्हणत. विधवेचं भूत झोपेतल्या तरण्या पुरुषांना नेतं, असा तिथे समज होता. भुताला फसवायला पुरुष झोपताना बायकांचे कपडे घालत, नखं रंगवत. त्या मृत्यूंच्या मागे बहुतांशी ब्रुगाडा होता, हे १९९७ च्या सुमारास पुढे आलं.

त्याच देशात डॉ. कूनलावी नादेमानी यांनी अशा ९ रुग्णांच्या हृदयाचा बाहेरून-आतून नकाशा काढला. उजव्या खालच्या कप्प्यातून रक्त फुप्फुसाकडे निघतं त्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला एक पट्टा सापडला. तिथे वीज कमकुवत होती, तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरा जात होती. त्यांनी तो पट्टा उष्णतेने निकामी केला. बहुतेकांचा ईसीजी सुधारला. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या विकाराला तोवर मुख्यतः ‘शॉक देणारं यंत्र बसवा’ हेच उत्तर होतं, तिथे नकाशामुळे उपचाराची दुसरी वाट दिसली.

ब्रुगाडाचं आणखी एक लक्षण म्हणजे तापात तो उघडा पडतो. सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू आणि दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण असतात. तापात कोणी कोसळला तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नये, ताप असतानाच ईसीजी काढावा. ज्याला ब्रुगाडा असल्याचं ठरलंय त्याने ताप अंगावर काढू नये, लगेच उतरवावा.

*३. सीपीव्हीटी.* हा सगळ्यात फसवा. साधा ईसीजी नॉर्मल, सोनोग्राफीसारखी टूडी-इको तपासणी नॉर्मल. पण मूल धावलं, घाबरलं, फार आनंदलं की ठोके बिघडतात आणि ते कोसळतं. अशा मुलांवर फिट म्हणून वर्षानुवर्षं औषधं चालू राहण्याचे प्रकार होतात. इथे निदान ट्रेडमिलवर, म्हणजे पट्ट्यावर चालायला लावून काढलेल्या ईसीजीने होतं.

*४. एआरव्हीसी.* यात हृदयाच्या, बहुतेकदा उजव्या बाजूच्या, स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि चट्टे घेतात. वीज त्या चट्ट्यांभोवती गिरक्या घेऊ लागते. विजेच्या जोराचा नकाशा इथे फार उपयोगी पडतो, कारण चट्टे कुठे आणि किती पसरलेत ते दिसतं. पुष्कळदा आतून भिंत बरी दिसते आणि बाहेरून खराब निघते. हा विकार खूप दमवणाऱ्या खेळांनी वाढतो.

दोन किनाऱ्यांची गोष्ट

एआरव्हीसीबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंच दोन किनारी मुलखांनी शिकवलं.

ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर डॉ. निकोस प्रोटोनोटारिओस यांच्या लक्षात आलं, की काही कुटुंबांत तळहात-तळपायाची कातडी फार जाड, केस लोकरीसारखे कुरळे आणि त्याच माणसांत हृदयाचा हा विकार असतो. १९८६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि २००० मध्ये त्याचा जीन सापडला. केस आणि कातडी लहानपणीच दिसतात, हृदयाचा त्रास पुढे येतो. म्हणजे शरीर आधीच खूण देतं. असा मेळ भारतातल्या कुटुंबांतही नोंदला गेला आहे.

दुसरा मुलूख कॅनडाच्या पूर्वेचा न्यूफाउंडलंड. कॉड माशावर जगलेल्या तिथल्या वस्त्यांत काही घराण्यांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या तरुणपणी अचानक जात. ज्यांच्यात हा दोष होता त्या पुरुषांपैकी निम्मे उपचाराविना चाळिशीच्या आसपासच गेलेले होते. बायकांचं आयुष्य त्या मानाने बरंच लांब असे. डॉक्टरांनी घराघरात जाऊन वंशावळी मांडल्या. जीन हाती यायच्या आधीच, वंशावळीवरून कोण धोक्यात आहे ते ओळखून शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवायला सुरुवात केली. यंत्र बसवलेले जास्त जगले, हे २००५ च्या अभ्यासात दिसलं. जीन सापडला तो २००८ मध्ये.

या दोन्ही गोष्टींत महागडं यंत्र नंतर आलं. आधी कोणीतरी बसून ‘तुमच्या घरात असं आणखी कोण गेलं?’ हा प्रश्न विचारला.

नकाशा सगळ्यांना लागत नाही

मॅपिंगचं नाव ऐकून कोणी थेट मोठ्या शहराची गाडी पकडू नये. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीमध्ये तार घालून केलेली ईपी स्टडी निदानाला सहसा उपयोगी पडत नाही. तिथे ईसीजी, ट्रेडमिल, चोवीस तासांचा होल्टर आणि जीनची तपासणी कामाची. ब्रुगाडातही नकाशा आणि उष्णतेचा उपचार प्रत्येकाला देत नाहीत. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांच्यासाठीच तो प्रामुख्याने असतो. एआरव्हीसीत नकाशा उपयोगी, पण विकार वाढत राहतो म्हणून पुढची देखरेख सुटत नाही.

तार घालून केलेल्या मॅपिंगला काही तास लागतात, आधी उपाशी राहावं लागतं, नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. जांघेत रक्त साचणं हा किरकोळ त्रास. हृदयाभोवती रक्त जमणं हा क्वचित होणारा पण गंभीर धोका. सही करण्याआधी ‘याने माझ्या उपचारात काय बदलणार?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावं. त्याचं उत्तर नीट मिळालं पाहिजे.

उपचार मात्र बऱ्याचदा साधे असतात. लाँग क्यूटी आणि सीपीव्हीटीत बीटा-ब्लॉकर गटाची गोळी रोज, न चुकता घेणं हाच मुख्य उपाय. बरं वाटतं म्हणून गोळी सोडणं हाच मोठा धोका. लाँग क्यूटीत काही अँटिबायोटिक, बुरशीवरची, उलटी थांबवणारी आणि मानसिक आजारावरची काही औषधं क्यूटी आणखी लांबवतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये गेलं की ‘मला लाँग क्यूटी आहे’ हे आधी सांगावं. निदानाचा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.

कोणी तपासून घ्यावं?

– घरात ४० वर्षांखालचं कोणी अचानक, कारण न कळता गेलं असेल तर त्याचे आई-वडील, सख्खे भाऊ-बहिणी आणि मुलं.
– धावताना, पोहताना, घाबरल्यावर किंवा मोठ्या आवाजाने शुद्ध हरपली असेल. (उन्हात उभं राहून किंवा रक्त बघून येणारी चक्कर बहुधा साधी असते, तरी वारंवार आली तर दाखवावी.)
– फिटचं औषध नीट चालू असूनही झटके थांबत नसतील आणि आजवर एकदाही ईसीजी काढला नसेल.
– जन्मतः ऐकू न येणारं मूल बेशुद्ध पडत असेल. १९५७ मध्ये नॉर्वेतल्या एका कुटुंबात सहापैकी चार मुलं बहिरी आणि अशी कोसळणारी आढळली, त्यातली तीन अचानक गेली. तो लाँग क्यूटीचाच एक प्रकार. आई-वडील दोघांकडून दोष आला तर तो होतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते.
– बाळंतपणानंतरच्या महिन्यांत एखादी बाई अचानक बेशुद्ध पडली असेल. लाँग क्यूटीच्या दुसऱ्या प्रकारात हा काळ जोखमीचा असतो.

अचानक गेलेल्यांच्या नातेवाइकांची नीट तपासणी केली तेव्हा वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण पाचपैकी एका ते दोन घरांत आनुवंशिक कारण सापडलं. बाकीच्यांना सापडलं नाही.

यातले बहुतेक विकार असे आहेत, की आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, सारखीच. बाहेरून आलेल्या सुनेचा तिच्या नवऱ्याच्या हृदयाशी काही संबंध नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी स्पष्ट बोलून दाखवावं.

सिंधुदुर्गात सुरुवात कुठून?

पहिली पायरी ईसीजी. मालवणचं ग्रामीण रुग्णालय, कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं, ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय इथे दाखवावं. जाताना घरातला मृत्यू कसा झाला, किती वयाचा माणूस होता, काय करताना गेला, हे डॉक्टरांना आधी सांगावं. नाहीतर पट्टी ‘अटॅक आहे का’ एवढ्याच नजरेने वाचली जाते. ‘क्यूटी किती आहे ते बघाल का?’ असा थेट प्रश्न विचारायला लाजू नये. पुरुषांत ४५०, बायकांत ४६० मिलिसेकंदांच्या वर आकडा असेल तर पुढे तपासतात, ५०० च्या वर असेल तर उशीर करत नाहीत. जुन्या सगळ्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. ईसीजीचा कागद काळाने पुसट होतो, म्हणून लगेच फोटो काढावा.

दुसरी पायरी हृदयरोगतज्ज्ञ. जिल्ह्यातले बरेच रुग्ण गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, बेळगाव किंवा कोल्हापूरला जातात. तिसरी पायरी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या विजेचा खास डॉक्टर. मॅपिंग तोच करतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत ते भेटतात. मुंबई पाचशे किलोमीटर लांब, म्हणून आधी कागद दाखवून, वेळ ठरवून मगच जावं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नेमकी कोणती तपासणी किंवा उपचार त्यात बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी विचारावं. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही मुलाच्या बेशुद्ध पडण्याबद्दल आणि घरातल्या मृत्यूबद्दल सांगावं.

घरात असा मृत्यू झालाच तर शवविच्छेदनाला नकार देऊ नये. जिथे सोय असेल तिथे जीनच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना राखून ठेवता येईल का, हेही विचारावं. त्या दुःखात हे सुचणं कठीण, म्हणून शेजारच्यांनी आठवण करून द्यावी.

चवथीला एक कागद घेऊन बसा

कोकणातली घरं विखुरलेली. अर्धं कुटुंब वाडीत, अर्धं मुंबईत. काका मालाडला गेला, आत्याचा मुलगा पुण्यात गेला, असं प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी माहीत असतं. सगळे एकत्र येतात ते गणपतीला. तेव्हा आजीला मध्ये बसवून तीन पिढ्यांची वंशावळ लिहून काढावी. नाव, वय, कसा गेला, झोपेत की पाण्यात की काम करताना. लहानपणी गेलेली पोरं, ‘फिट येणारे’, जन्मतः बहिरे, सगळे त्यात यावेत. आईच्या माहेरची बाजूही तितकीच महत्त्वाची. मोठ्या शहरातला डॉक्टर मॅपिंगच्या आधी हाच कागद मागतो, आणि तो काढायला एक रुपया लागत नाही.

डोळ्यांसमोर कोणी कोसळला तर

हाका मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, असं असेल तर तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मोठ्या माणसात साधारण पाच सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाब द्यावा. गाडी येईपर्यंत थांबू नये, आळीपाळीने करावं. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर तोंडाने श्वास देणंही तितकंच गरजेचं असतं. शॉकचं मशीन, म्हणजे एईडी, जवळ असेल तर लगेच लावावं, ते काय करायचं ते बोलून सांगतं.

आणि तो माणूस वाचला, तर ‘आता बरा आहे’ म्हणून घरी बसवू नये. त्याचा ईसीजी काढावा, आणि त्याच दिवशी त्याच्या भावंडांचाही.